डब्यावरचा आकडा सोडा, यंत्राचं नाव विचारा

दिवाळी जवळ आली की ओळखीच्या घरांतून मला एकच प्रश्न येतो. कोणी भाच्यासाठी विचारतं, कोणी मुलीसाठी. स्वतःसाठी विचारणारे बहुतेक चाळिशीच्या आसपासचे असतात आणि ते जरा आवाज उतरवून विचारतात, "हातात धरून खेळायचं ते छोटं मशीन मिळतं ना, त्यात आपले जुने गेम चालतात का हो?"

चालतात. पण कोणते गेम आणि कोणत्या मशीनवर, हे न विचारता पैसे मोजले की चार दिवसांत ते मशीन कपाटात जातं. माझ्या नात्यातच असे तीन डबे कपाटात पडून आहेत आणि त्यांतला एक मी स्वतः भाच्याला दिलेला आहे. त्याचा हिरमुसलेला चेहरा अजून आठवतो, म्हणून हे लिहितो आहे.

आधी 'जुने गेम' हा शब्द सोडवून घेऊ. नव्वदच्या दशकात आपल्याकडे ज्याला नुसतं 'व्हिडिओ गेम' म्हणायचे, ते यंत्र बहुतेक घरांत निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल असायचं. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आला. आपल्या टीव्हीला जोडलेल्या डब्यावर नाव भलतंच असायचं, पण कॉन्ट्रा, मारिओ, रणगाड्यांचा बॅटल सिटी, बंदुकीने बदकं टिपायचा डक हंट हे सगळं त्याच घराण्यातलं. त्यानंतर १९९४ च्या डिसेंबरात जपानमध्ये प्लेस्टेशन आलं आणि गेम कॅसेटवरून सीडीवर गेले. मार्च २००० मध्ये त्याचं दुसरं रूप आलं, ज्याला आपल्याकडे सगळे 'पीएस टू' म्हणतात. हातात धरायच्या यंत्रांची रांग वेगळी: १९८९ चा गेम बॉय, २००१ चा गेम बॉय ॲडव्हान्स, २००४ चं पीएसपी. विचारणाऱ्याच्या मनात यांतलं एकच काहीतरी असतं. ज्याचं बालपण कॉन्ट्रात गेलं त्याचं उत्तर वेगळं आणि ज्याने कॉलेजच्या दिवसांत मित्राच्या खोलीवर पीएस टू खेळलं त्याचं वेगळं.

फरक केवढा आहे ते बघा. फॅमिकॉमच्या चिपचा वेग १.७९ मेगाहर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला सुमारे १८ लाख ठोके. पहिल्या प्लेस्टेशनचा वेग ३३.८ मेगाहर्ट्‌झ. पीएस टूचा २९५ च्या जवळ. आजच्या स्वस्तातल्या मशीनची चिपही हजार मेगाहर्ट्‌झच्या पुढची असते, तेव्हा हे सगळं तिला सहज जमायला हवं असं कोणालाही वाटेल. मलाही तसंच वाटायचं.

इथे एम्युलेटर म्हणजे काय ते समजून घ्यावं लागतं. एम्युलेटर हा दुभाषा आहे. जुना गेम म्हणजे जुन्या चिपच्या भाषेत लिहिलेल्या हुकमांची लांबलचक यादी. नव्या चिपला ती भाषा येत नाही. मध्ये बसलेला दुभाषा एकेक हुकूम वाचतो, त्याचा अर्थ लावतो आणि नव्या चिपकडून ते काम करून घेतो. समोरच्याच्या एका वाक्यासाठी त्याला स्वतःची पाच-दहा वाक्यं खर्चावी लागतात. त्यामुळे नवी चिप जुनीपेक्षा नुसती वेगवान असून भागत नाही, ती कैक पटींनी वेगवान लागते.

आणि भाषा हा अर्धाच भाग झाला. जुन्या यंत्रात चिप एकटी नसायची. हिशेब करणारी एक, चित्र काढणारी दुसरी, आवाज देणारी तिसरी, आणि सगळ्यांचा ताल एक. भजनी मंडळात पखवाज, टाळ, वीणा आणि पेटी एकत्र चालतात तसं. एम्युलेटरला ही सगळी वाद्यं एकट्याने वाजवायची असतात आणि टाळ अर्ध्या मात्रेनेही पुढे जाऊ द्यायचा नसतो. ताल चुकला की आवाज फाटतो, चित्र अडकतं, कधी कधी गेम मध्येच थिजतो. सुपर निन्टेन्डो या यंत्राचा मुख्य प्रोसेसर जेमतेम ३.५८ मेगाहर्ट्‌झचा. बीस्नेस नावाच्या एम्युलेटरच्या कर्त्याने २०११ मध्ये लिहिलं होतं की या यंत्राची हुबेहूब नक्कल करायला ३ गिगाहर्ट्‌झच्या आसपासचा संगणक लागतो. हा फरक आठशे पटींहून जास्त आहे. हुबेहूब नको, खेळण्यापुरतं चालेल म्हटलं तर मात्र फार कमी ताकदीत भागतं, आणि हातातली छोटी मशिनं याच तडजोडीवर उभी आहेत. तडजोड चांगली जमलेली असते, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

कधी दुभाष्याचं काम सोपंही होतं. सोनीने २००६ पासून पीएसपीवर पहिल्या प्लेस्टेशनचे गेम स्वतःच विकायला सुरुवात केली. पीएसपीची चिप ३३३ मेगाहर्ट्‌झपर्यंत जायची, म्हणजे जुनीच्या जवळजवळ दहापट, शिवाय दोन्ही चिपा एकाच घराण्यातल्या. मालवणी माणसाला कोल्हापुरी बोली समजून घ्यायला जेवढे कष्ट पडतील तेवढेच. निन्टेन्डोनेही २००४ मध्ये गेम बॉय ॲडव्हान्सवर आपले फॅमिकॉमचे गेम पुन्हा विकले, तेही एम्युलेशननेच. तेव्हा 'हातातल्या मशीनवर जुनं यंत्र चालतं का' हा प्रश्न वीस वर्षांपूर्वीच सुटलेला आहे, आणि तो मूळ कंपन्यांनीच सोडवलेला आहे. कोणी म्हणालं की हे सगळं फसवंच असतं, तर विश्वास ठेवू नका.

आता प्रत्यक्ष खरेदीकडे येतो. तीन-चार हजारांच्या आसपास मिळणाऱ्या चिनी मशिनांत बहुधा आरके३३२६ किंवा एच७०० अशा नावाची चिप असते. दुकानदाराला चिपचं नाव विचारा. सांगता आलं नाही तर वस्तूच्या माहितीत शोधा, आणि तिथेही नसेल तर ती वस्तू घेऊ नका. या चिपांवर फॅमिकॉम, सुपर निन्टेन्डो, सेगाचं मेगा ड्राइव्ह, गेम बॉयची सगळी भावंडं आणि पहिलं प्लेस्टेशन चांगलं चालतं. निन्टेन्डो ६४, ड्रीमकास्ट आणि पीएसपी यांचे काही गेम नीट चालतात, काही अडखळतात, आणि कोणता अडखळेल हे गेमगणिक बदलतं. पीएस टू चालत नाही. मेनूत पीएस टूचं चित्र असलं तरी चालत नाही, विकणारा छातीठोकपणे सांगत असला तरीही नाही.

पीएस टूबद्दल इतकं ठासून सांगतो कारण सगळ्यात जास्त निराशा इथेच होते. त्या यंत्राची मुख्य चिप आणि तिच्यासोबत आकडेमोड करणारे दोन खास भाग एकाच वेळी वेगवेगळी कामं करतात, आणि चित्र काढणारी चिप आपल्या पोटातल्या ४ मेगाबाइटच्या अतिवेगवान स्मृतीवर अवलंबून असते. भजनी मंडळाच्या जागी आख्खी दिंडीच समजा. सोनीने २००६ मध्ये पीएस थ्री आणलं तेव्हा त्यावर पीएस टूचे गेम चालावेत म्हणून एम्युलेटर लिहिण्याऐवजी पीएस टूच्या मूळ चिपाच पहिल्या मॉडेलांत बसवल्या होत्या. यंत्र ज्यांनी बनवलं त्यांनाही तेव्हा हाच मार्ग खात्रीचा वाटला. आज पीएस टूचे बरेच गेम हातात नीट खेळायचे तर स्नॅपड्रॅगन ८६५ किंवा तिच्या वरच्या दर्जाची चिप असलेलं ॲण्ड्रॉइड मशीन लागतं, नाहीतर २०२२ मध्ये आलेल्या स्टीम डेकसारखा छोटा संगणकच. तीन-चार हजारांत हे येत नाही. तेवढे पैसे खर्चायचे नसतील तर पीएस टूचा नाद इथेच सोडलेला बरा.

डब्यावरच्या आकड्याचं काय? '४०० गेम', '१०,००० गेम', '२०,००० गेम'. हा आकडा निरर्थक आहे. सुपर मारिओचा मूळ गेम सगळा मिळून ४० किलोबाइटचा. व्हॉट्सॲपवर येणारा एक फोटोही त्याहून मोठा असतो. पहिल्या प्लेस्टेशनची एक सीडी साडेसहाशे मेगाबाइटच्या घरात जाते आणि पीएस टूची साधी डीव्हीडी साडेचार गिगाबाइटपर्यंत. ६४ जीबीच्या कार्डात दहा हजार गेम बसवलेत असं कोणी सांगितलं तर ते कॅसेटच्या काळातलेच असणार, हे साध्या भागाकाराने कळतं. त्यातही फॅमिकॉमचे अधिकृत गेम हजाराच्या थोडे पुढे, एवढेच. बाकीचा आकडा तेच गेम वेगळ्या नावाने, वेगळ्या भाषेत किंवा पात्राच्या कपड्यांचा रंग बदलून भरलेला असतो. मी भाच्याला दिलेल्या चारशे गेमवाल्या मशीनमध्ये त्याने तासाभरात सांगितलं, "मामा, हा पाचवाच गेम आहे रे, फक्त माणूस लाल केलाय." सात-आठशे रुपयांच्या अशा मशीनमध्ये एम्युलेटर नसतोच. फॅमिकॉमची नक्कल एका चिपमध्ये पक्की केलेली असते. दुसरा कोणताही गेम त्यात कधीच टाकता येत नाही. लहानग्याला प्रवासात हातात द्यायला ते ठीक आहे. त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका.

माझी एक कळकळीची विनंती आहे: काहीही विकत घेण्याआधी आठवडाभर फोनवर खेळून बघा. तुमच्या खिशातल्या साध्या ॲण्ड्रॉइड फोनची चिप त्या तीन-चार हजारांच्या मशीनपेक्षा बहुतेक वेळा ताकदवान असते. रेट्रोआर्च हा एम्युलेटर फुकट आहे, पीएसपीसाठी पीपीएसएसपीपी आहे. ॲपलनेही एप्रिल २०२४ पासून आयफोनवर एम्युलेटरना परवानगी दिली. फोनला ब्लूटूथने जोडता येणारा कंट्रोलर कोणाकडून तरी आठ दिवस उसना आणा. आठवड्याने लक्षात येईल की तुम्हाला खरंच खेळायचं होतं की नुसती आठवण आली होती. दोन्ही चांगलंच, पण आठवणीसाठी चार हजार रुपये घालवायची गरज नसते.

फोन असताना वेगळं मशीन कशाला, असंही कोणी म्हणेल. त्याला माझ्या मते चांगलं उत्तर आहे. खऱ्या बटणांची सर काचेवरच्या बोटांना येत नाही. कॉन्ट्रात उडी मारून तिरकी गोळी झाडायची तर बोटाखाली बटण जाणवावं लागतं. खेळता खेळता बँकेचा मेसेज येत नाही. आणि मुलांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं, त्या काळच्या गेममध्ये जाहिराती नाहीत आणि 'आणखी नाणी विकत घ्या' असं म्हणणारं काही नाही. गेम हरला की हरला, पुन्हा पहिल्यापासून. आजच्या मुलांना हा अनुभव मिळावा असं मला मनापासून वाटतं.

मशीन घेतलंच, तर दोन-तीन बारीकसारीक गोष्टी सांभाळा. सोबत येणारं मेमरी कार्ड बिननावाचं असतं आणि ते लवकर दगा देतं, म्हणून पहिल्याच दिवशी त्यातलं सगळं चांगल्या कंपनीच्या कार्डावर उतरवून घ्या. नाहीतर महिनाभर खेळून जपलेला सेव्ह एका सकाळी गायब झालेला दिसेल. फोनचा जलद चार्जर लावू नका, साधा पाच व्होल्टचा लावा; यांतल्या बऱ्याच स्वस्त मशिनांना जलद चार्जर मानवत नाही. पडद्याचा आकारही पाहा. टीव्हीवरचे जुने गेम चारास तीन या चौकटीसाठी काढलेले होते. लांबट पडद्यावर ते ताणून भरले की मारिओ बुटका आणि जाडा दिसतो.

काही गोष्टी कितीही पैसे टाकले तरी परत येत नाहीत, हेही आधीच माहीत असू द्या. डक हंटची बंदूक त्यांतली एक. घोडा दाबला की क्षणभर पडदा काळा व्हायचा, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा, आणि बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड टिपायचा. हे सगळं जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीच्या वेगावर बांधलेलं होतं. आजच्या सपाट पडद्यांवर ती बंदूक आंधळी असते, आणि हातातल्या मशीनवर तर बंदूकच नाही. निन्टेन्डो डीएसचे गेम दोन पडद्यांसाठी आहेत. ते एका पडद्यात कोंबले की डोळ्यांना त्रास होतो.

आता कायद्याचं बोलतो, कारण त्याबद्दल गप्प बसणं मला पटत नाही. एम्युलेटर ही वस्तू स्वतः बेकायदा नाही. प्लेस्टेशनचा एम्युलेटर बनवणाऱ्या कनेक्टिक्स कंपनीवर सोनीने अमेरिकेत दावा लावला होता आणि २००० साली अपील न्यायालयाने कनेक्टिक्सच्या बाजूने कौल दिला. गेम मात्र कोणाच्या तरी मालकीचा असतो. त्या मशिनांच्या कार्डात भरून येणारे हजारो गेम विकणाऱ्याने कोणाला विचारून भरलेले नसतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ एवढी मुभा देतं की संगणक-प्रोग्रॅमची प्रत तुमच्याकडे रीतसर असेल तर ती हरवू-बिघडू नये म्हणून तुम्ही तिची राखीव प्रत करून ठेवू शकता. शेजाऱ्याच्या किंवा अनोळखी माणसाच्या प्रतीला हे लागू होत नाही.

रीतसर मार्ग बरेच आहेत. कॉन्ट्राच हवा असेल तर कोनामीने २०१९ मध्ये त्या मालिकेतले जुने गेम एकत्र करून पुन्हा विकायला आणले. जुन्या यंत्रांसाठी आज नवे गेम लिहिणारी माणसंही आहेत. २०१९ चा मायक्रो मेजेस हा फॅमिकॉमच्या घराण्यातल्या यंत्रासाठी लिहिलेला नवा गेम तोच जुना ४० किलोबाइटचा नियम पाळून केलेला आहे आणि त्याची फाइल कर्तेच विकतात. एम्युलेटरमध्ये टाका आणि निर्धास्त खेळा.

पण असंख्य गेम कुठेच विकत मिळत नाहीत, हेही तितकंच खरं. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आता बाजारात उपलब्ध नाहीत. ही अमेरिकेची गोष्ट. आपल्याकडे माझ्या माहितीत कोणी मोजदादच केलेली नाही, आणि आपल्याकडे जपण्यासारखं काही नव्हतं असंही नाही. २००९ मध्ये पीएस टूसाठी 'हनुमान: बॉय वॉरियर' निघाला, तो हैदराबादेत बनला होता. त्याच वर्षी देशी खेळांवरचा 'देसी अड्डा' आला. त्यानंतर २०१० मध्ये मुंबईच्या ट्राइन गेम्सने केलेला गल्ली क्रिकेटचा 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स'. पीएस टूचं उत्पादन २०१३ च्या सुरुवातीला थांबलं. नव्या डिस्क निघायच्या नाहीत. ज्या आहेत त्या घराघरांतल्या टीव्हीखालच्या कप्प्यांत, जुन्या वह्यांच्या ढिगाखाली पडून आहेत.

म्हणून तुम्हाला एवढंच मागतो. नवं मशीन घ्या किंवा घेऊ नका, जुनं रद्दीत देऊ नका. कॅसेटला फुंकर मारू नका. तोंडातल्या ओलाव्याने आतल्या धातूच्या पट्ट्या गंजतात. औषधाच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाला लावून हलक्या हाताने पुसा. कॅसेटवर सेव्ह होणारा पोकेमॉनसारखा गेम असेल तर आत बहुधा नाण्याएवढी बॅटरी असते, ती संपली की सेव्ह जातो. ती बदलून घेता येते. डिस्क मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल गोल नको. आणि घरात डीव्हीडी ड्राइव्ह असलेला जुना संगणक असेल तर तो बंद पडायच्या आधी प्लेस्टेशनच्या आणि पीएस टूच्या डिस्कच्या प्रती करून ठेवा. साध्या ड्राइव्हमध्ये त्या वाचता येतात.

गेल्या मे महिन्यात भाचा सुट्टीला आला तेव्हा आम्ही दोघांनी कपाट उपसलं. चारशे गेमवाला डबा बाजूला ठेवला आणि त्याच्याखालून माझ्या नऊ डिस्क निघाल्या. सात वाचल्या गेल्या, दोनांवर ओरखडे फार होते. एकेका डिस्कला वीस-पंचवीस मिनिटं लागत होती आणि तो ड्राइव्हचा आवाज ऐकत शेजारी बसून होता. शेवटच्या डिस्कच्या वेळी त्याने विचारलं, "मामा, या दोन दुसऱ्या कोणाच्या ड्राइव्हमध्ये वाचतील का रे?" त्या दोन डिस्क मी जपून ठेवल्या आहेत. जुना ड्राइव्ह असलेलं घर सापडलं की त्या घेऊन जाणार आहे.